पाच ठोके आणि एक

झाओझेर्येच्या संस्कृती भवनात येणाऱ्याला संगीत कळतं की नाही, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याच्या कोटाला टांगायची नाडी आहे का, एवढं मात्र दारातच विचारलं जातं. विचारणारी बाई म्हणजे कपितोलिना सावेल्येव्ना. गाव तिला कापामावशी म्हणतं. वय बहात्तर, आणि त्यातली एकतीस वर्षं कोटघराच्या फळीमागे गेलेली. थंडीत कोट काढून दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी सभागृहात पाऊल टाकत नाही. त्यामुळे गावातली सगळी संस्कृती आधी तिच्या हातांखालून जाते.

नाडी नसलेला कोट ती फळीवरून लगेच उचलत नाही. त्याच्याकडे थोडा वेळ बघते.

"घरात सुई नाही का?"

"राहून गेलं, कापामावशी."

"गेल्या वर्षी पण राहूनच गेलं होतं. स्वतः नाटकाला येतोस आणि कोटाला फाशी देतोस."

मग नाटकाचा पहिला अंक संपेपर्यंत ती जाड काळ्या दोऱ्याने नाडी शिवून टाकते. त्याबद्दल ती काही बोलत नाही आणि काही घेतही नाही. गावातल्या निम्म्या कोटांच्या मानेत तिचा टाका आहे. माणूस वारतो, कोट जावयाला जातो, नाडी तीच राहते.

मी याच इमारतीत वरच्या मजल्यावर ग्रंथालय सांभाळतो. वाचक फार नसल्यामुळे माझा बराच वेळ खाली कोटघरात जातो. तिथे चहा असतो, कोबी भरलेला पिरोग असतो आणि आतला कार्यक्रम दोन बंद दारांतून ऐकू येतो. मावशीचं मत असं, की दोन दारं मध्ये असली की कुठलंही संगीत सहन होतं.

या दोन दारांचा उपयोग गेल्या फेब्रुवारीत झाला नाही. त्याची ही हकिगत.

जानेवारीत पीटर्सबर्गहून एका गायकवृंदाचं पत्र आलं. पितिरीम लुकिच झाव्यालोव या संगीतकाराच्या पंचाहत्तराव्या जयंतीला त्यांना त्याची 'सहा हाका' ही रचना झाओझेर्येत सादर करायची होती, कारण तरुणपणी तो तीन हिवाळे इथे राहिला होता. आमच्या संचालकांनी, एदुआर्द तिमोफेयेविच यांनी, पत्र तीनदा वाचलं आणि नळवाल्याला बोलावलं. थोर माणसाच्या स्मृतीला वंदन करायचं तर आधी स्वच्छतागृहाला पाणी पाहिजे, हा त्यांचा विचार मला चुकीचा वाटला नाही.

झाव्यालोव वारून पाच वर्षं झाली होती. बाहेर त्याचं नाव मोठं. देवाचं नाव घेण्याची सोय नव्हती त्या काळात त्याने देवाशी आयुष्यभराचं भांडण मांडलं, आणि तेही शब्दांशिवाय. त्याचे गायक नुसते स्वर गातात. स्वरही थोडेच. एक सूर लावायचा, तो विझेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी अंधारात जिना उतरतं आहे आणि पुढची पायरी असेल की नाही याची त्याला खात्री नाही. परदेशात लोक हे ऐकून रडतात, असं पत्रासोबतच्या कागदावर छापलं होतं.

आमच्याकडे मात्र तो मोठा व्हायच्या आधी येऊन गेला. शिक्षण संपलं की सरकार धाडेल त्या गावी तीन वर्षं काढायची, असा तेव्हा नियम होता. तो संगीतशाळेत पोरांना अकॉर्डियन शिकवायचा आणि त्याबद्दल खिन्न असायचा. सहाव्या गल्लीत अगाफ्या नावाच्या विधवेकडे खोली घेऊन राहायचा. गावाला त्याच्याबद्दल दोनच गोष्टी आठवत होत्या. एक म्हणजे तो फेब्रुवारीत टोपी न घालता हिंडायचा. आणि दुसरी म्हणजे आग.

आगीचं जरा सांगायला हवं. गाव सगळं लाकडाचं. प्रत्येक फाटकावर एक पत्र्याची पाटी असायची आणि तिच्यावर चित्र: बादली, कुऱ्हाड, जळतं लाकूड ओढायचा लोखंडी आकडा किंवा शिडी. आग लागली की ज्याने त्याने आपल्या पाटीवरची वस्तू घेऊन धावायचं. कुठे धावायचं ते टेहळणीच्या मनोऱ्यावरचा रूळ सांगायचा. जंगलातल्या लाकूडगाडीच्या रुळाचा पुरुषभर लांब तुकडा तिथे साखळीने टांगलेला होता. दोन ठोके म्हणजे दुसरी गल्ली, तीन म्हणजे तिसरी, असं सहापर्यंत. पहिल्या गल्लीत खुद्द मनोराच होता, तिथली आग सगळ्यांना आपोआप दिसायची, म्हणून तिला ठोका नव्हता. जरा थांबून एकच ठोका पडला तर त्याचा अर्थ, विझली, घरी जा.

मनोऱ्यावर तेव्हा कापामावशी होती. तेवीस वर्षांची, मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलेली.

सत्तर साली फेब्रुवारीत दिवस मावळताना अगाफ्याच्या घराला आग लागली. सहावी गल्ली. गावाने मात्र ऐकले ते पाच ठोके, मग थोडी शांतता, मग एक. म्हणजे पाचव्या गल्लीत आग, आणि मग, विझली, घरी जा. लोक हातातल्या बादल्या खाली ठेवून हसले, घरात गेले, आणि नेमके बूट काढून बसले. नंतर रूळ पुन्हा पुन्हा सहा वेळा वाजला, पण आमच्या गावात फेब्रुवारीत एकदा काढलेले बूट पुन्हा चढवायला कारण तसंच भक्कम लागतं. माणसं पोचली तोवर घराचा पुढचा भाग आणि गोठा गेला होता. अगाफ्या वाचली, शेळी वाचली. झाव्यालोवची ट्रंक जळाली, आणि तिच्यात त्याने तीन हिवाळे लिहिलेलं सगळं संगीत होतं. त्याच वसंतात तो निघून गेला.

चौकशी झाली. समितीने लिहिलं की जोराच्या वाऱ्यामुळे ठोक्यांचा आवाज तुटक ऐकू आला. वाऱ्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं, त्यामुळे निकाल एकमताने झाला आणि गावाने तो आजपर्यंत मानला.

गायकवृंद शुक्रवारी बसने आला. चोवीस पुरुष, रचनेतला रूळ वाजवणारा वेन्यामिन नावाचा पाठीचा पट्टा बांधलेला गृहस्थ, आणि त्यांची संचालिका अरियाद्ना ल्वोव्ना. या बाईंनी झाव्यालोववर प्रबंध लिहिला होता. त्या उंच होत्या, घसा जपण्यासाठी हळू बोलायच्या, आणि त्यांच्या कोटाला नाडी होती. कापामावशीने ती बोटाने ओढून पाहिली आणि मान हलवली. आमच्याकडे याहून मोठं स्वागत होत नाही.

शनिवारी सकाळी अडचण निघाली. रुळाच्या जागी वाजवायला त्यांनी पीटर्सबर्गहून एक पोलादी पट्टी आणली होती. अरियाद्ना ल्वोव्ना म्हणाल्या, "आजवर आम्ही हिच्यावर भागवलं. पण स्वरलिपीत त्यांनी स्वच्छ लिहिलंय, झाओझेर्येचा रूळ. इथे येऊनही पट्टी वाजवली तर मला झोप लागणार नाही. तो रूळ कुठे गेला?"

मनोरा शहाऐंशी साली पाडला, भंगार गेलं, असं संचालक सांगू लागले. तेवढ्यात फळीमागून कापामावशी म्हणाली, "माझ्याकडे आहे."

"कुठे?"

"न्हाणीत. भट्टीचे दगड त्याच्यावर तोललेत. लोखंड चांगलं होतं, उगाच जाऊ कशाला द्यायचं."

"आणि तो काढला तर?"

"तर दगड खाली येतील."

एरवी मावशी भांडल्याशिवाय खिडकीची कडीही कोणाला हलवू देत नाही. शनिवार म्हणजे गावभर वाफेच्या न्हाण्या तापण्याचा दिवस. त्या दिवशी ती स्वतःची न्हाणी मोडायला तयार झाली, तेही न कुरकुरता, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, पीटर्सबर्गच्या पाहुण्यांचा मान ठेवते आहे.

वेन्यामिन, मी आणि दोन जाडजूड खर्जातले गायक तिच्या अंगणात गेलो. दगड एकेक करून काढले. रूळ ओढताना वेन्यामिन "अं" एवढंच म्हणाला आणि थोडा वेळ वाकलेलाच राहिला. रुळावर तेहेतीस वर्षांची काजळी होती. मावशीने तो बर्फाने घासला, आणि एक टोक गुडघ्यावर घेऊन नखाने वाजवून पाहिला. मग आमच्याकडे पाठ करून ती बराच वेळ दगड रचत बसली.

दुपारी तालीम सुरू झाली. रूळ रंगमंचाच्या तुळईला साखळीने टांगला होता. मी कोटघरात पिरोग खात होतो, मावशी कोणाच्यातरी कोटाला नाडी शिवत होती. आत गायकांनी एक खालचा सूर लावला. मग रूळ वाजला. पाच ठोके. शांतता. ती इतकी लांबली की मला वाटलं तालीम थांबली. मग एक ठोका.

मावशीच्या हातातली सुई कोटातच राहिली.

काही वेळाने बाहेरचं दार दणकन उघडलं आणि शिडीचं एक टोक आत आलं. मागून बराच वेळ नुसती शिडीच येत राहिली, आणि शेवटी पोर्फिरी आला. पाचव्या गल्लीतला. वय अठ्ठ्याहत्तर, फाटकावर शिडीची पाटी.

"कुठे लागलीय?"

"कुठेही नाही," मी म्हणालो. "तालीम चाललीय. झाव्यालोवची."

पोर्फिरीने शिडी भिंतीला टेकवली. त्याला धाप लागली होती. "पाच वाजले. फाटकापर्यंत आलो तर एक वाजला. म्हटलं, विझली. मग म्हटलं, या खेपेला नाही फसायचं." त्याने टोपी काढून घाम पुसला. "अरे, पण ही तर त्या दिवशीचीच हाक झाली. तश्शी. म्हणजे त्या मास्तराच्या कानालाही वाऱ्याने तसंच केलं म्हणायचं. आणि त्याने ते तसंच लिहून ठेवलं, वाऱ्यासकट. कापा, ऐकलंस का?"

"दोन दारं मध्ये आहेत," मावशी म्हणाली. "शिडी बाहेर ठेव. हे कोटघर आहे."

"शिडीला नाडी नाही म्हणून का?" पोर्फिरी खुशीत म्हणाला आणि शिडी घेऊन निघून गेला.

आत दुसरी हाक सुरू झाली. तीन ठोके पडले, चौथ्याच्या जागी धप्प असा आवाज आला आणि गाणं थांबलं. वेन्यामिनची पाठ धरली होती. त्याला डोळ्यांखेरीज काही हलवता येत नव्हतं. खर्जातल्या त्याच दोघांनी त्याला रुळासारखाच उचलून बाहेर आणला आणि कोटघराच्या बाकावर आडवा केला.

अरियाद्ना ल्वोव्ना मागोमाग आल्या. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होता. एका तरुण गायकाने हातोडा मारून पाहिला होता, पण रूळ वाजायच्या ऐवजी खडखडला होता.

आडव्या वेन्यामिनने छताकडे बघत सांगितलं, "याला एक जागा आहे. खालच्या टोकापासून वीतभर वर. तिथेच लागला तर गातो. मला सापडायला तासभर लागला."

"वीतभर नाही," मावशी म्हणाली. "चार बोटं जास्त. तिथे खाच आहे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मनोऱ्यावर ती होती हे संचालकांनी पाहुण्यांना घाईघाईने सांगितलं.

"कपितोलिना सावेल्येव्ना," अरियाद्ना ल्वोव्ना म्हणाल्या, "उद्या तुम्ही वाजवाल?"

"नाही."

"मी खूण करीन. अवघड काही नाही. पाच, विराम, एक. असं पाच वेळा, आणि शेवटी—"

"सहा वाजवायचे असतील तर वाजवते. सहा सलग."

"स्वरलिपीत तसं नाही. तो उशिरा येणारा ठोका हाच या रचनेचा प्राण आहे. त्या विरामात माणूस देवाच्या दाराशी उभा राहतो आणि कडी वाजवू की नको अशा घालमेलीत असतो. माझ्या प्रबंधात त्यावर बेचाळीस पानं आहेत."

मावशीने सुई दातात धरून दोरा तोडला. "त्यात वारा कुठे येतो?"

"वारा?"

"नाही ना येत. कारण वारा नव्हताच." तिने कोट घडी करून फळीवर ठेवला. "त्या दिवशी पान हलत नव्हतं. मी विसरले."

संचालकांनी स्वच्छतागृहाचं पाणी बघायचं निमित्त काढलं आणि ते गेले. वेन्यामिनला जाता येत नव्हतं, म्हणून त्याने डोळे मिटले.

मग मावशीने जे सांगितलं ते तिने एकोणपन्नास वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. झाव्यालोव कधीकधी संध्याकाळी मनोऱ्याखाली येऊन उभा राहायचा. दिवसातून एकदा रूळ वाजवून बघायचा नियम होता, तो ऐकायला. एकदा म्हणाला, तुम्ही लाकूड फोडल्यासारखं वाजवता. एक ठोका मरायच्या आत दुसरा मारता. तो संपेपर्यंत ऐका तरी. हिला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तिने ऐकून बघितलं, आणि रोज ऐकायची सवय लागली. आग लागली त्या दिवशी हवा गोठून स्वच्छ झाली होती. तिने पाच ठोके मारले. पाचवा नेमका खाचेवर बसला आणि असा गायला, की ती ऐकत उभी राहिली. तो तळ्यापलीकडे गेला, परत आला, मग कुठेतरी संपला. तेव्हा तिला सहावा आठवला.

"ट्रंक जळाली त्याची," ती म्हणाली. "तो मला एक शब्द बोलला नाही. म्हटलं, सुटले. आणि आज कळतं की त्याने ते सगळ्या जगाला वाजवून दाखवलं. तुमच्या पीटर्सबर्गात, परदेशात. लोक रडतात म्हणे. त्याचा एवढा राग होता माझ्यावर?"

अरियाद्ना ल्वोव्ना बाकाच्या कडेला, वेन्यामिनच्या पायांशी टेकल्या. बेचाळीस पानं हातातून जाताना माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या मानाने त्या बऱ्या दिसत होत्या.

"राग होता की नाही, मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण सहाव्या हाकेला त्यांनी ठोकेच लिहिलेले नाहीत. रिकामी ओळ आहे आणि वर एक वाक्य, वाजवणाऱ्याच्या मनाप्रमाणे. आम्ही आजवर तिथेही पाच आणि एकच वाजवत आलो. दुसरं काय वाजवायचं ते आम्हाला कळलंच नाही."

मावशी बराच वेळ फळीवरचे कोटांचे नंबरी बिल्ले सरळ करत राहिली. ते आधीच सरळ होते.

"पोर्फिरी येणार उद्या," ती मला म्हणाली. "पाचवी गल्ली सगळी येणार. सहावी पण."

"फुकट आहे म्हटल्यावर येणारच."

"सभागृहात वाजेल. वारा नसेल." मग ती बाईंकडे वळली. "हातोडा माझा मी आणीन. तुमचा फार हलका आहे."

रविवारी एकशे ऐंशी कोट जमा झाले. मावशीने ते स्वतः घेतले, बिल्ले दिले, दोघांना नाडीवरून बोलली, आणि तीनला पाच कमी असताना कोटघराला कुलूप लावून किल्ली झग्याच्या खिशात टाकली. ती निळा झगा बदलायला तयार नव्हती. "मी काही गाणार नाही," ती म्हणाली. त्यामुळे काळ्या कपड्यांतल्या चोवीस पुरुषांच्या बाजूला निळ्या झग्यातली बुटकी बाई, हातात पाचर ठोकायचा हातोडा, असं दृश्य दिसलं. सभागृहात थोडं हसू उमटलं. पोर्फिरी चौथ्या रांगेत होता. त्याने शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि शेजारीही हसला.

अरियाद्ना ल्वोव्नांनी आधी चार शब्द बोलण्याची पद्धत पाळली. देवाचं दार आणि कडी त्यांनी गाळली. त्या एवढंच म्हणाल्या, की पितिरीम लुकिच आयुष्यभर ऐकायला शिकत होते आणि त्याची सुरुवात या गावात झाली. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवू नयेत, शांतपणे घरी जावं, अशी त्यांची लेखी इच्छा होती, हेही त्यांनी सांगितलं.

गायकांनी खालचा सूर लावला. मावशीने पाच ठोके मारले. पाचवा खाचेवर बसला.

चौथ्या रांगेत आणि तिच्यामागे म्हातारी माणसं पुढे सरकली. पाचवी गल्ली. त्यांचे हात गुडघ्यांवर आले, कोणी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. त्यांचं वय बघता ती फार चपळ दिसत होती. ठोका विझेपर्यंत मावशी मान कलती करून ऐकत उभी राहिली. सभागृहात खिडकीचा पडदाही हलत नव्हता. मग तिने एक मारला.

पाचवी गल्ली मागे टेकली. आणि तेव्हा पोर्फिरीचा चेहरा हळूहळू बदलला. वारा नसलेल्या जागी, तोच हात, तोच रूळ, तेवढाच थांबा. आजूबाजूच्या दोनचार डोक्यांतही ते शिरलेलं दिसलं. सहाव्या गल्लीतल्या अगाफ्याची मुलगी आता सत्तरीची आहे. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून रंगमंचाकडे पाहिलं.

मावशीने हे सगळं पाहिलं. एकतीस वर्षं फळीमागे काढलेल्या बाईला चेहरे वाचता येत नाहीत असं कोणी समजू नये. पुढच्या चार हाकांना ती तसंच वाजवत गेली, पाच, थांबा, एक. दर वेळी पाचवी गल्ली पुढे सरकली आणि दर वेळी मागे टेकली. गायक मधल्या काळात काय गात होते ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की तो अंधारातला जिना होता आणि आम्ही सगळे तिच्यामागून उतरत होतो.

सहाव्या हाकेला अरियाद्ना ल्वोव्नांनी हात खाली घेतले आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मावशीने सहा ठोके मारले. सलग, एकेकाला पुरेसा वेळ देऊन. सहावी गल्ली खुर्च्यांच्या टोकाला आली. गायकांनी शेवटचा सूर लावला, तो विझला. रचना संपली होती.

कोणी हललं नाही. टाळ्या नव्हत्या, खोकलाही नव्हता. पीटर्सबर्गचे गायक एकमेकांकडे बघू लागले. नंतर त्यांच्यातला एक मला म्हणाला, की अशी शांतता त्यांना कुठल्याही मोठ्या सभागृहात मिळालेली नाही, या गावाला अध्यात्माची जाण आहे. मी त्याला विरोध केला नाही. पण गाव कशासाठी बसून आहे हे मला कळत होतं. सहाव्या गल्लीची हाक झाली होती आणि पुढचा ठोका आला नव्हता. तो आल्याशिवाय आमच्याकडे कोणी घरी जात नाही.

मावशीलाही ते कळलं. तिने बाईंकडे पाहिलं. स्वरलिपीत तिथे काही नव्हतं. मग तिने हातोडा उचलला आणि एकच ठोका मारला.

विझली, घरी जा.

सगळं सभागृह एकदम उठलं. शांतपणे, झाव्यालोवच्या लेखी इच्छेप्रमाणे. आणि शांतपणेच कोटघरापाशी जाऊन थांबलं, कारण किल्ली रंगमंचावर होती.

ती गर्दीतून वाट काढत आली. लोकांनी बाजूला होऊन तिला जागा दिली. तिने कुलूप उघडलं, फळी वर करून आत गेली आणि बिल्ले घ्यायला हात पुढे केला. एकशे ऐंशी माणसं एकेक करून तिच्यासमोरून गेली. काही जण तिच्याकडे बघत होते, काही बिल्ल्याकडे. अगाफ्याची मुलगी कोट घेताना म्हणाली, "शेळी त्यानंतर नऊ वर्षं जगली, कापा." मावशीने मान हलवली.

पोर्फिरी शेवटी आला. त्याने बिल्ला फळीवर ठेवला, पण त्यावरचं बोट काढलं नाही.

"तर वारा नव्हता."

"नव्हता."

"शिडी घेऊन मी चौकात उभा होतो. मग घरी गेलो. बूट काढले. पुन्हा सहा वाजले तर बायकोला म्हटलं, पोरगी उगाच सराव करतेय."

"माहीत आहे मला."

"एकोणपन्नास वर्षं वाटतंय, त्या दिवशी बूट काढले नसते तर." त्याने बोट उचललं. "मास्तर काही बोलला नाही तुला?"

"नाही."

"तक्रार लिहिली असती तर तुझी नोकरी गेली असती. त्याने गाणं लिहिलं. माणूस विचित्र होता, पण टोपी घालायचा नाही एवढाच काय तो त्याचा दोष."

मावशीने कोट आणून फळीवर ठेवला. पोर्फिरीने तो उलटा केला आणि मानेजवळ बघितलं. तिथे काळ्या जाड दोऱ्याची नवी नाडी होती.

"ही कधी शिवलीस?"

"आत्ता. कोट घेतला तेव्हा. कुलूप लावायच्या आधी."

त्याने कोट चढवला, बटणं लावली, दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "तुझी न्हाणी मोडलीय ना. दगड बसेपर्यंत शनिवारी आमच्याकडे येत जा. पाण्याची बादली तेवढी घरून आण."

"माझ्या पाटीवर आकडा आहे," मावशी म्हणाली.

"मग आकडा आण," पोर्फिरी म्हणाला आणि गेला.

अरियाद्ना ल्वोव्ना बाकावर बसून स्वरलिपीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या. वेन्यामिनने, अजून आडवाच, विचारलं की काय लिहिताय. "एक ठोका," त्या म्हणाल्या आणि कोट मागितला.